वाकडी करंगळी

पहिल्याच दिवशी बिरूनं रिमोट मोडला.

फेकून नाही, नुसता हातात धरून. पडद्यावरचं माकड दरीत कोसळलं, बिरूनं दात आवळले आणि त्याच्या मुठीतून खाडकन आवाज आला. प्लास्टिकचे तुकडे माझ्या सतरंजीवर पडले. तळवा कापला होता. त्यातून रक्त ठिबकायला लागलं, पण त्याचं लक्ष अजून त्या दरीकडेच होतं.

"पैलवान, हे कुस्तीचं मैदान न्हाई," निशिगंधा म्हणाली. "हळू धरायचं असतंय. चिमणीचं पिल्लू धरल्यागत."

"मी पिल्लू कधी धरलं न्हाई."

"मग काय धरलंस आजपर्यंत?"

"मानसं," बिरू म्हणाला.

निशिगंधा हसत सुटली. मी उठून हळद आणली आणि त्याच्या तळव्यावर दाबली. एवढा मोठा हात मी वर्गात कधी धरला नव्हता. नखांत लाल माती होती आणि उजव्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वळलेली होती. बाकीच्या बोटांशी भांडून वेगळी राहिल्यासारखी.

ही गोष्ट इचलकरंजीतली, माझ्या घराच्या पुढच्या खोलीतली. मी प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले होते. मागच्या गल्लीत यंत्रमाग खडखडत असायचे आणि पुढच्या खोलीत माझा जुना विद्यार्थी राजवर्धन आणि त्याची मैत्रीण निशिगंधा एका जुन्या टीव्हीसमोर बसलेली असायची. त्यांचा छंद असा, की एकच व्हिडिओ गेम घ्यायचा आणि तो कमीत कमी वेळात संपवायचा. ते त्याला स्पीडरन म्हणायचे. जगभर असे वेडे आहेत, इंटरनेटवर त्यांची यादी असते आणि कोण सगळ्यांत जलद, ते तिथं दिसतं. आमच्या गेममध्ये एक माकड डोंगरांवरून उड्या मारत जायचं. मला स्वतःला पहिला डोंगरही कधी ओलांडता आला नाही. पण कुणी शिकत असलं की ते बघत बसायला मला आवडतं. आयुष्यभर तेच केलं.

त्यांच्यात एक नियम होता. व्हिडिओ नसेल तर वेळ धरायचा नाही. एका स्टँडवर फोन लावायचा, पडदा आणि खेळणाऱ्याचे हात एकाच वेळी दिसले पाहिजेत, आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंत मध्ये तुकडा पाडायचा नाही. या नियमापायी राजवर्धनचा पुढचा दात गेला होता. पूर्वी एकानं घरी बसून खोटाच वेळ सांगितला, राजवर्धननं त्याला चारचौघांत खोटारडा म्हटलं आणि त्यानं याच्या तोंडावर ठोसा हाणला. तेव्हापासून राजवर्धन तोंडी शब्दावर विश्वास ठेवत नसे.

नवीन मूल आलं की तो आधी त्याला जगातल्या पहिल्या नंबरच्या माणसाचा व्हिडिओ दाखवायचा. "आधी कळू दे की काय असतंय ते," म्हणायचा. मुलं तोंड उघडं टाकून बघायची आणि दुसऱ्या दिवशी यायची नाहीत.

"पोहायला आलेल्याला आधी समुद्र दाखवतोयस तू," निशिगंधा त्याला म्हणायची. "मग कोण चड्डी घालून उभं ऱ्हाणार?"

"ज्याला पोहायचंय तो ऱ्हाईल."

बिरूलाही त्यानं तो व्हिडिओ दाखवला. बिरूनं शांतपणे सगळा बघितला.

"ह्यो बी कवातरी पडलाच असंल की," तो म्हणाला.

"पडला असेल. हजारदा."

"मग ते कुठं हाय?"

"ते कशाला कोण ठेवतंय?" राजवर्धन म्हणाला.

बिरूनं मान हलवली आणि नवा रिमोट मागितला. तो टिकला, त्याचं कारण हेच असावं असं मला वाटतं. त्याला त्या पहिल्या नंबरवाल्याची भीती वाटली नाही. त्याला भीती वाटत होती ती दुसऱ्याच कुणाची, आणि ते आम्हाला त्या स्टँडवरच्या फोनमुळे कळलं.

तो गल्लीच्या टोकाला असलेल्या तालमीतला. गाव हातकणंगल्याकडचं, वय एकोणीस-वीस, राहणं तालमीतच. दुपारी पोरं झोपायची त्या वेळात तो गुपचूप माझ्याकडे यायचा. माकड पडलं की तो स्वतःच्या मांडीवर बुक्की मारायचा. मांडी काळीनिळी व्हायची. मी म्हणायचे, "बिरू, मांडीनं काय केलंय?" मग तो ओशाळून हात मांडीखाली घालून बसायचा आणि पुन्हा सुरू करायचा. हळूहळू बुक्क्या कमी झाल्या. एक दिवस त्यानं शेवटचा डोंगर ओलांडला. माकड शिखरावर नाचलं, टीव्हीतून एक वेडगळ धून वाजली आणि बिरूनं लहान मुलासारख्या टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी राजवर्धननं त्याच्याजवळ स्टँड आणून ठेवला आणि फोन चालू केला.

"काय करालायस?"

"व्हिडिओ. आता तुझा वेळ धरायचा."

पुढचं सगळं मी पापणी लवायच्या आत बघितलं. बिरूचा हात उठला आणि फोन भिंतीवर आपटला. राजवर्धननं त्याची गचांडी धरली. मग राजवर्धन माझ्या फरशीवर उताणा होता, बिरूचा गुडघा त्याच्या छातीवर होता आणि कोपरापासूनचा हात गळ्यावर. राजवर्धनचे पाय फरशीवर तडफडत होते. चेहरा जांभळा व्हायला लागला होता. निशिगंधा किंचाळत बिरूच्या पाठीवर गुद्दे घालत होती. भिंतीवर घालावेत तसे.

मी ओरडले नाही. ओरडून मूल ऐकत नाही, हे मला चाळीस वर्षांत कळलं होतं. मी त्याच्या कानाशी वाकले.

"बिरू. सोड त्याला."

त्यानं सोडलं. राजवर्धन कुशीवर वळून खोकत राहिला. बिरू भिंतीला टेकून बसला.

"वस्तादांनी बघितलं तर जीव घेत्यात," तो म्हणाला. "पिच्चर न्हाई, फोन न्हाई, खेळ न्हाई. मातीला हात लावून शपथ घेतल्या आमी. जत्रंत माझी पयल्या नंबरची कुस्ती हाय, बाई."

"मग येतोस कशाला इथं, मरायला?" राजवर्धन खोकत म्हणाला.

बिरूनं हात मांडीखाली घातले.

"तालमीत चुकलं की काठी बसती," तो म्हणाला. "हितं माकड पडतंय आनि आपलं आपन उठतंय. कोन कायबी म्हनत न्हाई त्येला."

राजवर्धन गळा चोळत त्याच्याकडे बघत राहिला. तो मनाचा वाईट मुलगा नव्हता. त्यानं फुटलेला फोन उचलला, काचेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "बरं. तोंड घेत नाही. हात फक्त. हातावर काय नाव लिहिलंय?"

"आवाज?"

"बोलू नको म्हणजे झालं."

आम्ही चौघांनीही त्याच्या हातांकडे बघितलं. त्यात भिण्यासारखं काही कुणाला दिसलं नाही. ती करंगळी आम्ही रोज बघत होतो. रिमोट धरला की ती एकटी बाहेर उभी राहायची. सुरुवातीला निशिगंधा तिला चिडवायची, "तुझी करंगळी कायम रुसलेली." मग ती इतकी ओळखीची झाली की आम्हाला दिसेनाशीच झाली. हे गेमवाले लोक हाताकडे बघायचे ते अंगठ्याचा वेग बघायला.

पहिला व्हिडिओ इंटरनेटवर लागला. यादीत 'पैलवान' असं नाव आलं, बऱ्याच खाली. बिरूनं ते निशिगंधाच्या फोनवर पुन्हा पुन्हा बघितलं. जाताना दारातून परत वळून आला आणि अजून एकदा बघितलं.

नंतर तो राजवर्धनचा वेळ मोडायच्या मागे लागला. जत्रा जवळ येत होती, तालमीत मेहनत वाढली होती. अंगावर वळ घेऊन यायचा, पण यायचा.

त्या दुपारी तो जसा खेळला, तसं मी कुणाला खेळताना बघितलं नव्हतं. फोन चालू होता. निशिगंधानं तोंडावर बोट ठेवलं होतं. माकड एकाही जागी अडखळलं नाही. शेवटच्या डोंगराच्या पायथ्याशी पोचलं तेव्हा राजवर्धन घड्याळाकडे बघून उठून उभा राहिला. त्याचा स्वतःचा वेळ मोडत होता आणि त्याला आनंद लपवता येत नव्हता.

तेवढ्यात दाराची कडी उखडून खोलीत पडली.

दारात हिंदुराव वस्ताद उभे होते. त्यांना सगळी गल्ली ओळखत होती. बैलासारखी मान, मोडून चपटे झालेले कान, उजव्या हातात काठी. डाव्या मुठीत कुणाचातरी फोन होता आणि त्यात बिरूचा पहिला व्हिडिओ चालू होता.

"ही करंगळी मी बसवलीया," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "निखळली तवा रात्रभर मांडीवर हात घिऊन मी बसवलीया. वाकडी बसली, पर माझ्या हातची हाय. मला वळखाय येत न्हाई व्हय रं?"

बिरूनं मान वळवली नाही. त्याचे अंगठे चालूच होते.

"टाक ते."

माकडानं उडी मारली.

काठी त्याच्या पाठीवर बसली. सदरा टरकला. दुसरी बसली, तिसरी बसली. प्रत्येक वेळी त्याचं अंग पुढे जायचं आणि मागे यायचं, पण हात हलत नव्हते. मी मध्ये गेले. वस्तादांनी मला खांद्याला धरून बाजूला सारलं, अगदी सांभाळून, अंड्यांची पाटी उचलून ठेवावी तसं. त्या सांभाळण्याची मला काठीपेक्षा जास्त भीती वाटली.

"बाई, तुमी मधी येऊ नका. ह्यो माझा हाय."

"वस्ताद, बास!" राजवर्धन बिरूच्या अंगावर आडवा पडला. महिन्यापूर्वी ज्यानं त्याचा गळा दाबला होता, त्याच्याच अंगावर. काठी त्याच्या डोक्यावर बसली. तो खाली घसरला आणि त्याच्या कपाळावरून रक्त डोळ्यांत उतरलं.

"टाक म्हन्तो न्हवं!"

पुढचा वार बिरूच्या उजव्या हातावर बसला. तोच आवाज आला, पहिल्या दिवशीचा, खाडकन. पण रिमोट शाबूत होता.

बिरूच्या घशातून काहीतरी निघालं. रडणं नव्हे, जनावर हुंकारतं तसं. त्यानं रिमोट मांडीवर टेकवला, उजवा अंगठा लोंबकळत ठेवून शेजारच्या बोटानं बटण दाबायला लागला. माकड एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर गेलं, वर गेलं, अजून वर. वस्तादांनी काठी उचलली होती ती तशीच राहिली. आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी टीव्हीकडे बघितलं.

माकड शिखरावर चढलं. वेडगळ धून वाजली.

वस्तादांनी काठी टीव्हीत घातली. मोठा धमाका झाला, काचा उडाल्या, जळकट वास आला. धून थांबली.

तेव्हा बिरूनं रिमोट खाली ठेवला. सावकाश उठला, वाकला आणि डाव्या हातानं वस्तादांच्या पायांना हात लावला. मैदानात उतरण्यापूर्वी लावतात तसा. वस्तादांनी चटका बसल्यासारखा पाय मागे घेतला. काठी तिथंच टाकून ते निघून गेले.

स्टँडवरचा फोन तेवढा काचांच्या मध्ये उभा होता आणि त्याचा लाल ठिपका चालू होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, अंगठा जुळेल पण पूर्वीसारखा वाकणार नाही. जत्रेतली कुस्ती गेली. बिरू खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. राजवर्धनच्या डोक्याला पट्टी होती आणि तो खाटेभोवती फेऱ्या घालत होता.

"सगळं आलंय ह्यात," तो म्हणाला. "सुरुवातीपासून शेवटापर्यंत, सलग. वेळ माझ्यापेक्षा कमी. आणि तो माणूस काय आहे ते पण. मी आत्ता लावतो. जग बघू दे."

"लावू नको," बिरू भिंतीकडे बघतच म्हणाला.

"वेडा आहेस काय? पोलिसांना काय दाखवणार? उद्या तो दुसऱ्या पोराचा हात मोडेल!"

"मला म्हाईत हाय."

"मग? घाबरतोस अजून?"

बिरू वळला. पाठ टेकवता येत नव्हती, म्हणून कोपरावर उठला.

"लागला की त्यो तिथं ऱ्हानार न्हवं?"

"राहणार की."

"म्हंजे रोज कुनीतरी बटन दाबनार, आनि रोज मी मार खानार. माझं पोरगं होईल, ते बी बघनार. मी म्हातारा हुईन, तरी तिथं मी खाली मुंडी घालून मार खातच बसनार. एकदा खाल्ला, बास झालं."

राजवर्धन थांबला. निशिगंधानं त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

"मग तुझा खेळ?" ती हळूच म्हणाली. "व्हिडिओ नाही तर तो धरत नाहीत. यादीत नाव येणार नाही. असा खेळ पुन्हा होणार नाही, बिरू. हाताकडे बघ तुझ्या."

मला वाटलं, आता तो रडेल. तो माझ्याकडे बघत होता.

"बाई, तुमी बघितला न्हवं?"

"बघितला."

"सगळा?"

"सगळा. एकदाही अडखळला नाहीस."

"आनि मार?"

"तोही बघितला."

"मग झालं की," बिरू म्हणाला आणि आडवा झाला.

निशिगंधानं त्याच्यासमोरच तो व्हिडिओ पुसला. राजवर्धन दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी मी पोलीस चौकीत गेले. राजवर्धन आणि निशिगंधा माझ्यासोबत आली. हवालदारानं पंखा माझ्याकडे वळवला, चहा मागवला आणि मग सुस्कारा टाकला.

"बाई, व्हिडिओ काढला होता म्हणे पोरांनी."

"काढला होता. पुसला."

"पुसला! मग आता काय? वस्तादांना सारा गाव मानतो. उद्या ते म्हणतील, पोरगं जिन्यावरून पडलं. तुमच्याकडं काय आहे?"

"मी आहे. मी बघितलंय. लिहून घ्या."

"नुसतं बघितलंय म्हणून..."

"लिहा. आणि त्यांना इथं बोलवा. मी त्यांच्या तोंडावर सांगते."

वस्ताद आले. अंगावर स्वच्छ कपडे होते. माझ्याकडे न बघता बाकावर बसले, आणि मी त्यांच्याकडे बघत, वर्गात धडा सांगावा तसं, सगळं क्रमानं सांगितलं. कडी कशी उखडली, पाठीवर किती वेळा बसली, राजवर्धनला कधी लागली, अंगठा कसा मोडला. खेळ पुरा झाला तेही सांगितलं. वाकून पाय शिवले तेही. माझा आवाज एकदाच अडखळला, तिथं.

हवालदार म्हणाला, "वस्ताद, तुमचं काय म्हणणं? ह्यांच्याकडं पुरावा काही नाही."

वस्ताद स्वतःच्या तळव्यांकडे बघत होते.

"कुस्तीत पाठ टेकली का न्हाई, हे कोन सांगतंय सायेब?" ते म्हणाले. "पडनारा न्हाई, पाडनारा न्हाई. बघनारा सांगतोय. माझी सारी हयात त्या बघनाऱ्याच्या शब्दावर गेली." मग पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बाईनी बघितलंय. मारलं मी. लिहा."

खटला झाला. शिक्षा फार मोठी नव्हती. त्यानंतर त्या तालमीत काठी दिसली नाही असं पोरं सांगतात. मी ते बघितलेलं नाही, म्हणून खात्रीनं सांगत नाही.

नवा टीव्ही आला तेव्हा राजवर्धननं स्टँड उचलून माळ्यावर टाकला. म्हणाला, बाहेरच्या यादीसाठी ज्याला हवा असेल त्यानं खाली काढावा. नवीन येईल त्याच्यासाठी त्यानं माझी शाळेतली पाटी आणून टीव्हीशेजारी ठेवली. वेळ त्यावर लिहायचा, दोघांनी बघितलेला पाहिजे, संध्याकाळी पुसायचा. पहिल्या नंबरवाल्याचा व्हिडिओही तो कुणाला आपणहून दाखवेनासा झाला. खोली भरायला लागली. इतकी, की चपला दाराबाहेर काढायला सांगावं लागलं.

याला बरीच वर्षं झाली. माझे डोळे आता मंदावलेत, त्यामुळे मी पडद्याच्या अगदी जवळ बसते. बिरू जत्रांमध्ये कुस्त्यांना पंच म्हणून जातो आणि रिकामा असला की माझ्या खोलीत येऊन बसतो. त्याचा अंगठा सरळ राहिलाय आणि करंगळी वाकडी, त्यामुळे तो हात उचलून काही दाखवतो तेव्हा दोन वेगवेगळे रस्ते दाखवल्यासारखं वाटतं.

गेल्या आठवड्यात एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. शाळेचा गणवेश, एक वेणी सुटलेली. पाय आत टाकेना.

"आजी, हितं व्हिडिओ काढत्यात काय?"

"नाही."

"आनि मी पडले तर?"

"मी बघेन."

ती अजूनच घाबरली. "मग तुमी सगळ्यास्नी सांगनार?"

बिरू हसला. त्यानं सतरंजीवर सरकून तिला जागा केली आणि रिमोट तिच्या हातात दिला.

"बिनघोर पड," तो म्हणाला. "कोन पडलं ते बाई इसरत्यात. लई इसराळू हाईत."

खरं आहे ते. त्या खोलीत किती मुलं किती वेळा पडली, मला काही आठवत नाही.

"हळू धर," मी तिला म्हणाले. "चिमणीचं पिल्लू धरल्यासारखं."